भला माणूस ओळखायचा कसा?

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक गाव आहे. मराठवाड्यातल्या नांदेडशी त्याचे नाते नावापुरतेच. 1983 साली या गावातल्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांना आपल्या बांधीत, ‘पटेल 3’ जातीच्या धानात, तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणे पिवळसर होते. दादाजींनी त्या लोंब्या पिशवीत जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात बांधीच्या मधोमध पेरल्या आणि जनावरांनी तोंड घालू नये म्हणून भोवती काट्यांचे कुंपण केले. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. हंगामामागून हंगाम निवड करत त्यांनी जे बारीक, चवदार धान तयार केले त्याला बाजारातल्या एका व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले : एचएमटी. आज हा तांदूळ महाराष्ट्राबाहेरही पिकतो आणि खाल्ला जातो. दादाजी मात्र बियाणे गावोगावच्या शेतकऱ्यांना देत राहिले आणि पुन्हा बांधीत उतरून नवी लोंबी शोधत राहिले. डीआरके, विजय नांदेड, नांदेड चिन्नोर अशी आणखी वाणे त्यांच्या हातून झाली.

आता या माणसाला काय म्हणायचे? संशोधक म्हटले तर प्रयोगशाळा नाही. दानशूर म्हटले तर घरात शिल्लक नाही. समाजसेवक म्हणावे तर संस्था नाही, पाटी नाही, अहवाल नाही. तरी नागभीडकडच्या कुणालाही विचारले तर तो ‘भला माणूस’ एवढेच म्हणेल आणि त्याच्या दृष्टीने बोलणे तिथेच संपलेले असेल. प्रस्तुत संग्रहाचा विषय या दोन शब्दांत काय काय दडलेले असते, हा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगलजिल्ह्यांतल्या, अनुकरण करावेसे वाटणाऱ्या माणसांची ही व्यक्तिचित्रे. त्यांतली काही नावे जगाला माहीत आहेत, काही गावाच्या शिवेपलीकडे कुणाला माहीत नाहीत.

असे लिहिणे मराठीला नवे नाही. मराठी गद्याचा आरंभच मुळी एका माणसाच्या आठवणींतून झाला. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते चक्रधरांना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे जाऊन. एखादी लीळा कुणी सांगितली, दुसऱ्याने ती कशी वेगळी सांगितली, याची नोंद ठेवण्याची काळजी त्यांनी घेतली. श्रद्धा पूर्ण, आणि तरीही चौकशी पूर्ण. विदर्भाच्या भूमीवर घडलेले हे काम चरित्रकाराच्या प्रामाणिकपणाचा पहिला मोठा नमुना आहे.

पुढे भक्तचरित्रांची परंपरा आली. अठराव्या शतकात ताहराबादच्या महिपतींनी ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ रचून संतांना घराघरांत पोहोचवले. इथे चौकशी मागे पडली आणि चमत्कार पुढे आला. ते वाचणाऱ्याला, ऐकणाऱ्याला बळ मिळाले, पण संत आणि आपण यांच्यात एक पायरीही उरली नाही, उरली ती फक्त नमस्काराची जागा. विसाव्या शतकात हे अंतर दोन पुस्तकांनी दोन वाटांनी कमी केले. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने (1935) चांगुलपणा स्वयंपाकघरात आणि अंगणात आणला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये रेव्हरंड टिळक मोठे दिसतात ते त्यांच्या तऱ्हेवाईकपणासकट, विसरभोळेपणासकट. नवऱ्याच्या चुका सांगूनही त्याचे मोठेपण तसूभर कमी होत नाही, हे लक्ष्मीबाईंनी दाखवून दिले. त्यानंतर पु. ल. देशपांड्यांनी व्यक्तिचित्राला लोकप्रिय केले आणि अनिल अवचटांनी कार्यकर्त्यांकडे जाऊन, राहून, ‘कार्यरत’सारखी पुस्तके लिहिली.

चंद्रपूर-गडचिरोलीने या परंपरेत स्वतःचे एक दालनच उघडले. साधनाताई आमटे यांचे ‘समिधा’, प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’, विलास मनोहरांचे ‘नेगल’, राणी बंग यांचे ‘गोईण’ ही सारी इथल्याच मातीतली. ‘गोईण’ हा शब्दही इथलाच, मैत्रिणीसाठीचा. बायका झाडांशी कसे मैत्र जोडतात ते त्या पुस्तकात आहे.

एकाच टापूत एवढी माणसे का, हा प्रश्न नवख्या वाचकाला पडतो. उत्तराचा एक भाग भूगोलात आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा सगळा मिळून एकच चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा, जिल्हा होता. वरोऱ्याच्या काळ्या मातीपासून भामरागडच्या डोंगरापर्यंत पसरलेला, राज्यातला सर्वांत जंगली मुलूख. पर्लकोटा नदीवरचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली गेला की भामरागडचा संपर्क तुटायचा. मलेरिया, कुष्ठरोग, कुपोषण, दवाखान्यापर्यंतचे अंतर. गरज डोळ्यांसमोर उभी असायची, ती शोधायला लागत नव्हती.

दुसरा भाग इतिहासात आहे. बाहेरच्यांनी येऊन उद्धार करावा असा हा मुलूख कधीच नव्हता. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्यात फाशी झाली. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटले, त्यामागे तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचाही वाटा होता. गोंड, माडिया, परधान, ढिवर, कुणबी, दलित अशा अनेक समाजांच्या या मुलखाला स्वतःची शिस्त होती, स्वतःचा न्याय होता. बाहेरून आलेल्यांपैकी जे टिकले ते याची जाणीव ठेवणारे होते. ज्यांनी ती ठेवली नाही, त्यांची नावे आज कुणाला आठवत नाहीत.

या कामांचे ढोबळ चार संप्रदाय सांगता येतील. ‘संप्रदाय’ शब्द थोडा मोठा आहे, पण प्रत्येकाची साधना खरोखरच वेगळी आहे.

पहिला श्रमाचा. मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे हे वरोऱ्याचे वकील, नगरपालिकेचे उपाध्यक्ष. सफाई कामगारांची संघटना बांधताना त्यांनी स्वतः मैला वाहिला. एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याकडेला कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम दिसला आणि बाबा घाबरून पळाले. ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे, पण तिच्यातला महत्त्वाचा तपशील पुष्कळदा निसटतो : ती जगाला सांगितली खुद्द बाबांनी. पळालो हे त्यांनी लपवले असते तर कुणाला कळलेही नसते. ते परत गेले, तुळशीरामाची सेवा केली, कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगाचा अभ्यास केला आणि तिथे प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात जंतूही टोचून घेतले. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहू लागले. सोबत साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात 14 रुपये, असे सांगितले जाते. ज्या हातांची बोटे झडली होती त्या हातांनी विहीर खणली. आनंदवनात पिकलेली भाजी आणि दूध घ्यायला आसपासचे लोक सुरुवातीला तयार नव्हते. भीक नाकारून काम मागणे हा या वाटेचा गाभा. 1985 मध्ये बाबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 9 फेब्रुवारी 2008 रोजी ते आनंदवनातच गेले.

दुसरा सहवासाचा. 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडजवळ हेमलकसा इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश आमटे आणि मंदाकिनी आमटे, दोघेही डॉक्टर. सुरुवातीचे कित्येक महिने माडिया रुग्ण त्यांच्याकडे फिरकत नव्हते. भाषा येत नाही, वेश वेगळा, औषध परके. मग भाषा शिकणे आले, पायी हिंडणे आले. लोकांच्या अंगावर पुरेसे कपडे नाहीत हे पाहून प्रकाशभाऊंनी स्वतःचे कपडे बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आणले, ते कायमचे. त्यांच्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात एका दृश्याने झाली : शिकारी मेलेले माकड घेऊन चालले होते आणि पिल्लू आईला बिलगून होते. प्रकाशभाऊंनी शिकाऱ्यांना शिकवण दिली नाही. शिकार भुकेसाठी होते हे त्यांना दिसत होते. धान्य देऊन त्यांनी ते पिल्लू मागून घेतले. 1976 मध्ये शाळा सुरू झाली, 2008 मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 2014 मध्ये त्यांच्यावर चित्रपटही आला.

तिसरा शोधाचा. अभय आणि राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून 1986 मध्ये गडचिरोलीला आले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेची पद्धत अशी : आधी लोकांना विचारायचे, मग मोजायचे, मग उपाय करायचा. दोन गावांतल्या 650 स्त्रियांच्या तपासणीत 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले आणि त्यांपैकी फार थोड्यांची आधी कधी तपासणी झाली होती. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला तेव्हा जगभरच्या आरोग्यशास्त्राला या आजारांची दखल घ्यावी लागली. पुढे 39 गावांत गावच्याच बाईला, आरोग्यदूताला, नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत 2011 पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. दवाखाना कसा असावा हेही बंग दांपत्याने आदिवासींनाच विचारले. आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो, पांढरे कपडे घातलेले लोक आम्हाला काय वाचवणार, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. नातेवाइकांना बाहेर काढतात, देवही नसतो, हेही लोकांनी सांगितले. म्हणून धानोरा तालुक्यातल्या शोधग्राममध्ये दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा झाला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले.

चौथा सहमतीचा, आणि याच्या केंद्रस्थानी एक माणूस नसून गाव आहे. मेंढा-लेखा हे धानोरा तालुक्यातले शंभरेक घरांचे गोंड गाव. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध 1984 च्या सुमारास झालेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनात इथला विचार तापला. देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने ठरवले की निर्णय बहुमताने न होता सगळ्यांच्या सहमतीने व्हायचे. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसायचे. लाच देणे बंद. अभ्यासगट चालवून कायदे वाचले. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री व मुख्यमंत्री गावात आले, ते बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यायला. 2013 मध्ये गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला. मोहनभाऊंचे नावही इथे आठवावे. आडनाव टाकून आई हिराबाई आणि वडील हिरालाल यांची नावे त्यांनी लावली, कारण आडनावातून जात कळते.

या चौकटीत न बसणारेही पुष्कळ आहेत. कुरखेड्यात 1984 पासून ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ चालवणारे डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांच्या कामात सहवास, आरोग्य आणि ग्रामसभा तिन्ही मिसळलेले दिसतात. दादाजी खोब्रागडे तर कुठल्याच संप्रदायाचे नाहीत. संग्रहात त्यांना अगदी सुरुवातीला जागा देण्यामागे हेच कारण आहे : वाचकाने संस्थांच्या कमानीतून आत न शिरता बांधीवरून शिरावे.

इतक्या वेगळ्या वाटांत समान काय? त्याग म्हणावा, तर तो दिसायला सोपा आणि शिकायला अवघड. हा संग्रह दुसऱ्या एका गुणाकडे बोट दाखवतो. ही माणसे स्वतःला दुरुस्त करू देतात. तुळशीरामाने बाबांना त्यांची भीती दाखवली आणि त्यांनी ती मान्य केली. माडियांनी हेमलकशाच्या डॉक्टरांना त्यांचे परकेपण दाखवले. पांढऱ्या कपड्यांबद्दलचे बोलणे बंगांनी अडाणीपणा म्हणून झटकले नाही. मेंढ्यात एकट्याचा नकारही सभेला थांबवू शकतो. दादाजींना तर शेतातल्या तीन लोंब्यांनीच अडवले, आणि ते थांबले. माया आणि प्रामाणिकपणा हे दोन गुण आपण वेगवेगळे मोजतो. या माणसांत ते वेगळे काढता येत नाहीत, कारण समोरच्याचे खरे ऐकून घेतल्याशिवाय त्याची काळजी घेता येत नाही.

प्रामाणिकपणाला इथे आणखी एक अंग आहे : आकड्यांचे. राज्यातल्या बालमृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या 13 संस्थांच्या गटाने 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला आणि सरकारी नोंदींपेक्षा खरे मृत्यू कितीतरी जास्त आहेत हे दाखवले. मेलेल्या बाळाची नोंद नीट ठेवणे हेही मायेचेच काम, हे त्या अहवालाने शिकवले.

मात्र कौतुक करणाऱ्यानेही हिशेब चुकवू नये. या कामांवर प्रश्न विचारले गेले आहेत आणि ते विचारणाऱ्यांत भली माणसेही आहेत. गडचिरोलीत लोकांच्या रेट्यातून 1993 मध्ये दारूबंदी झाली, ती आजही आहे. चंद्रपुरात 2015 मध्ये ती झाली आणि 2021 मध्ये उठली. बंदीने काय साधले यावर दोन्ही बाजूंनी मते आहेत. संस्थापक गेल्यावर संस्थेचे काय, हा प्रश्न तर प्रत्येक दारात उभा आहे. शिवाय जोडप्यांच्या कामात उजेड एकावर जास्त पडतो. साधनाताईंनी ‘समिधा’ लिहिले नसते तर आनंदवनाच्या चुलीची आणि गोठ्याची बाजू आपल्याला कळलीच नसती. दादाजींचीही गोष्ट सुखाची नाही. त्यांच्या एचएमटीवर कृषी विद्यापीठाने पुढे ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केले आणि मूळ श्रेय कुणाचे, हा वाद त्यांच्या आयुष्यभर पुरला. 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते गौरव झाला, 2010 मध्ये ‘फोर्ब्स’ने दखल घेतली, पण आजारपणात पैशांची ओढाताण सुटली नाही. हे प्रश्न या संग्रहाने झाकलेले नाहीत.

मग आज हे का वाचायचे? कारण मुलूख बदलतो आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाच्या खाणी सुरू आहेत, रस्ते रुंद होत आहेत, मोबाइलचे मनोरे जंगलात उभे राहिले आहेत. जुन्या दुःखांचे रूप पालटले आहे. देशपातळीवर कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे 2005 अखेर जाहीर झाले, कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 मध्ये कायद्यातून काढले गेले, तरी या दोन जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात. तुळशीराम संपलेला नाही, फक्त रस्त्याकडेला दिसत नाही. पन्नास वर्षांपूर्वी भला माणूस होण्यासाठी जंगलात येऊन राहावे लागे. आज गडचिरोलीचीच मुले शिकून परत येत आहेत आणि त्यांच्यापुढचा पेच वेगळा आहे : आपल्याच गावात, आपल्याच नात्यांमध्ये खरे कसे बोलायचे? ग्रामसभेत चुलत्याच्या चुकीवर बोट ठेवणे हे परक्या मुलखात दवाखाना काढण्याइतकेच अवघड असू शकते.

दुसरे कारण आपल्या कौतुकाच्या सवयीत आहे. पुरस्कार, चित्रपट, व्हॉट्सअॅपवर फिरणारे फोटो यांनी या माणसांना ओळखीचे केले आणि त्याच वेळी दूर नेले. आनंदवनाला सहलीने जाऊन, पावती फाडून परतणाऱ्या बसमध्ये चर्चा होते ती ‘असली माणसे वेगळीच’ अशी. महिपतींच्या काळातली नमस्काराची जागा पुन्हा तयार झाली आहे. या संग्रहाला ती मोडायची आहे. म्हणून यात जन्म-शिक्षण-पुरस्कार असा साचा नाही. प्रत्येक चित्र एखाद्या दिवसावर, एखाद्या निर्णयावर किंवा एखाद्या चुकीवर उभे आहे. वाचकाला तिथे थांबून विचारता यावे की आपण काय केले असते. आरोग्यदूत, सुईण, बांबू मोजणारा ग्रामसभेचा हिशेबनीस अशी माणसे मोठ्या नावांच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरात आहेत. संवादांत गोंडी, माडिया आणि झाडीबोलीचे शब्द ठेवले आहेत. अडेल तिथे वाचकाने दोनदा वाचावे, म्हाइंभटांनी सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी याहून जास्त कष्ट घेतले होते.

पुस्तक कुठूनही उघडले तरी चालेल. फक्त दोन चित्रे एका बैठकीत वाचू नयेत, मधे एखादा दिवस जाऊ द्यावा, एवढी विनंती.

राहिला प्रश्न दादाजींचा. 3 जून 2018 रोजी ते गेले, ते शोधग्रामच्या रुग्णालयात, पांढऱ्या कपड्यांची भीती ऐकून बांधलेल्या त्याच जागी. एचएमटी तांदूळ आजही किराणा दुकानात मिळतो. पोत्यावर गिरणीचे नाव असते, वजन असते, भाव असतो. नांदेडचे किंवा दादाजींचे नाव सहसा नसते.